संगणक नवा झाला, जुन्या फायली कशा परत आणाव्यात?

विटा - ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यामुळे अनेक घरांतील व दुकानांतील संगणकांवर नवी कार्यप्रणाली बसविण्याची वेळ आली आहे. विट्यात यंत्रमागाचे हिशेब संगणकावर असतात. सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरलेल्या येथील कुटुंबांचा जमाखर्चही त्यातच असतो. कार्यप्रणाली पुन्हा बसविता येते, हरवलेली खतावणी मात्र पुन्हा लिहून काढावी लागते.

‘बॅकअप घेतला आहे’ एवढ्या भरवशावर संगणक पुसला जातो आणि खरी अडचण त्यानंतर कळते. फायली दिसतात, पण उघडत नाहीत. उघडल्या तरी वाचता येत नाहीत. याची कारणे ठरावीक असून बहुतेकांवर उपाय आहे.

जुना फोल्डर शोधा
हार्ड डिस्क फॉरमॅट न करता विंडोज बसविली असेल, तर ‘सी’ ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ नावाचा फोल्डर तयार होतो. त्यातील ‘युजर्स’मध्ये जुन्या वापरकर्त्याच्या फायली सापडतात. एक्सपीच्या काळातील संगणकात त्या ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये असत. मात्र विंडोज १० व ११ मध्ये हा फोल्डर साधारणतः दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी त्यातील फायलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर करावी.

‘परवानगी नाही’ असा संदेश
नव्या कार्यप्रणालीत पूर्वीचेच नाव दिले, तरी संगणकाच्या लेखी तो वेगळा वापरकर्ता असतो. त्यामुळे जुने फोल्डर उघडताना परवानगी नाकारली जाते. प्रशासकाच्या खात्यातून फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’त जाऊन मालकी आपल्या नावावर करून घेतली, की फायली उघडतात. फायली विंडोजच्या सुविधेने कूटबद्ध केलेल्या असतील, तर मालकी बदलून भागत नाही. त्यासाठी जुन्या संगणकातून आधीच काढून ठेवलेली किल्ली लागते. डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की जवळ हवी.

मराठी मजकुराचे कोडे
मराठी वापरकर्त्यांची एक अडचण वेगळीच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्री-लिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर नव्या संगणकावर रोमन अक्षरे व चिन्हांची खिचडी होऊन दिसतो. फाइल बिघडली असे समजून ती पुसली जाते. प्रत्यक्षात ती शाबूत असते; हरवलेला असतो तो फाँट. तोच फाँट पुन्हा बसविला, की मजकूर पूर्ववत दिसतो. त्यानंतर परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये करून घ्यावा आणि जोडाक्षरे व आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. म्हणूनच बॅकअपमध्ये फायलींबरोबर फाँटही असावेत.

बॅकअप कोणत्या प्रकारचा?
फायलींची सरळ नक्कल केली असेल, तर ती कोठेही उघडते. बॅकअपच्या सॉफ्टवेअरने केलेला एकत्रित गठ्ठा मात्र बहुधा त्याच सॉफ्टवेअरने उलगडतो. एक्सपीमधील ‘बीकेएफ’ फाइल नंतरच्या विंडोजची नेहमीची बॅकअप सुविधा वाचत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहिती अनेकदा ‘डॉक्युमेंट्स’बाहेर, स्वतःच्या फोल्डरमध्ये असते. केवळ ‘डॉक्युमेंट्स’ची नक्कल केल्यास ती मागे राहते.

डिस्कच फॉरमॅट झाली असेल तर
जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर ‘क्विक फॉरमॅट’ केल्यास मुख्यतः फायलींची अनुक्रमणिका जाते. त्यांवर नवे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर राहतो. अशा वेळी संगणक वापरणे तत्काळ थांबवावे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी आणि सापडलेल्या फायली तिसऱ्याच ठिकाणी साठवाव्यात. एसएसडीमध्ये पुसलेली जागा डिस्क स्वतःच मोकळी करीत असल्याने फायली परत मिळण्याची आशा फार कमी असते.

आधी उघडून पाहा, मग पुसा
संगणक पुसण्यापूर्वी बॅकअपमधील काही फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. त्यांत एक हिशेबाची, एक छायाचित्राची व एक जुन्या मराठी पत्राची असावी. त्या उघडल्या, तरच बॅकअप झाला असे मानावे. फायली परत आणताना ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावी आणि सर्व तपासून होईपर्यंत बॅकअपची डिस्क रिकामी करू नये. ज्यांचे घर विट्यात व व्यवसाय परगावी आहे, त्यांनी एक प्रत गावी आणि दुसरी दुकानात ठेवल्यास चोरी वा आगीसारख्या प्रसंगी दोन्ही एकाच वेळी जाणार नाहीत.