पाण्याची खरी परीक्षा

संस्कृत भाषेत पाण्याला ‘जीवन’ असे सार्थ नाव आहे. अन्नावाचून मनुष्य काही दिवस तग धरतो. पाण्यावाचून त्याचे प्राण फार काळ टिकत नाहीत. म्हणूनच पाणी पारखून घेण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. नदीला नवे पाणी आले म्हणजे त्यात तुरटी फिरवावी, निवळीचे बी उगाळून घालावे, दुहेरी फडक्यातून पाणी गाळावे आणि साथीच्या दिवसांत ते उकळून प्यावे, ही शिकवण घरोघरी दिली जाते. ती योग्यच आहे. तुरटीने गाळ तळाशी बसतो आणि उकळल्याने पटकी, विषमज्वर यांसारख्या रोगांचे जंतू मरतात. परंतु एवढ्याने प्रत्येक पाणी निर्दोष होते, असे मात्र नाही.

याची प्रचीती एका साध्या प्रयोगाने येते. पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवून ते फडक्यातून गाळले, तरी त्याचा खारटपणा जात नाही. तेच पाणी आटवून निम्मे केले, तर ते अधिकच खारट लागते. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. मीठ मागेच राहते. मिठाची निदान चव तरी जिभेला कळते. विहिरीच्या पाण्यात सापडणाऱ्या नायट्रेट नावाच्या क्षाराला ना रंग, ना वास. काचेसारखे स्वच्छ दिसणारे पाणीही त्याने दूषित झालेले असू शकते.

हा क्षार विहिरीत येतो कोठून? सांगलीजवळच्या माधवनगरचा परिसर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्ह्यातून वाहत सांगलीस येते. तिच्या खोऱ्यातील काळ्या, सुपीक जमिनीत उसाचे फड डोलत असतात. उसाला नत्र पुष्कळ लागते, म्हणून शेतकरी युरिया घालतात. मातीतील सूक्ष्म जीव त्या युरियाचे रूपांतर अखेर नायट्रेटमध्ये करतात. पिकाची मुळे आपल्यापुरते नायट्रेट शोषून घेतात. उरलेले मातीला धरून ठेवता येत नाही. पाटाचे पाणी गरजेपेक्षा अधिक दिले, की त्याबरोबर ते खोल झिरपते आणि भूजलास मिळते. विहिरीलगतचे उकिरडे व शौचालयांचे शोषखड्डे त्यात भर घालतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. सांगली जिल्ह्यातील काही विहिरींत ते याहून अधिक आढळले आहे.

त्याचा सर्वांत मोठा धोका तान्ह्या बालकांना असतो. त्यांच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट बनते. ते रक्तात गेले म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये बिघाड करते. श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू पुरत नाही. ओठ व नखे निळी पडतात आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावर बेतते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी अशा दोन अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या दुधात शेतावरील विहिरीचे पाणी मिसळले जात होते आणि त्या पाण्यात नायट्रेट विपुल होते. अशा वेळी बाळाच्या काळजीने आई तेच पाणी पुनःपुन्हा उकळू लागली, तर जंतू मरतील, पण पाणी आटून नायट्रेटचे प्रमाण उलट वाढेल. मायेला माहितीची जोड हवी, ती यासाठीच.

सगळाच दोष माणसाचा असतो, असेही नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही ठिकाणी खडकांतील फ्लोराइड भूजलात उतरते. दर लिटरला दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. असे अधिक फ्लोराइडचे पाणी बालपणी वर्षानुवर्षे पिण्यात आले, तर दातांवर डाग पडतात. प्रमाण फारच अधिक असल्यास पुढे हाडे व सांधे ताठरतात.

यावर उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे तपासणी. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशन या योजनेत गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची तरतूद केली गेली. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेतही तपासून घेता येतात. पाण्यात नायट्रेट अधिक निघाले, तर बाळासाठी दुसऱ्या निर्धोक ठिकाणचे पाणी आणावे. जंतूंच्या भयास्तव ते उकळून घ्यावे. दुसरा उपाय शेतात आहे. युरिया एकदम न घालता पिकाच्या गरजेप्रमाणे हप्त्याहप्त्याने द्यावा, पाणी ठिबकने द्यावे आणि उकिरडे विहिरीपासून दूर न्यावेत.

शेतात पडलेला खताचा दाणा आणि पाळण्यातील बाळ यांचा काही संबंध असेल, असे वरवर पाहता वाटत नाही. परंतु जमिनीखालचे पाणी त्या दोहोंना जोडते. म्हणून पाण्याची परीक्षा केवळ डोळ्यांनी करून भागत नाही. तिला ज्ञानाची दृष्टी लागते.