वाऱ्याची खूण आणि घाटाखालची दिशाभाषा

‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा सामुराई-विषयक व्हिडिओ गेम १७ जुलै २०२० रोजी प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सकर पंच प्रॉडक्शन्स या संस्थेची ही निर्मिती. कुबलाई खानाच्या आरमाराने १२७४ मध्ये त्सुशिमा बेटावर केलेली स्वारी हा तिचा ऐतिहासिक आधार होय. कोमोदाच्या किनाऱ्यावर सुमारे ८० स्वार शत्रूवर चालून गेले व कापले गेले, असे परंपरा सांगते. त्यांतून वाचणारा नायक जिन साकाई मात्र कल्पित आहे. नवख्या खेळाडूवर पहिली छाप पडते ती अर्थातच तलवारीची आणि गवताळ माळांची. परंतु भाषाभ्यासकाने थबकावे असे स्थळ वेगळेच आहे. ते म्हणजे या खेळात वाट कशी सांगितली जाते, हे होय.

ज्यांना ‘मुक्तविश्व’ म्हणता येईल अशा खेळांत खेळाडू हवा तिकडे भटकू शकतो. साहजिकच तो चुकू नये म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात लहानसा नकाशा आणि त्यावर बाण देण्याचा प्रघात पडला. येथे भटकंतीच्या वेळी तो नकाशा नाही. नियंत्रकाच्या स्पर्शपटावरून बोट वर सरकविले की वारा सुटतो, गवत झुकते, पाने उडतात आणि ती ज्या अंगाला जातात त्या अंगाला इष्ट स्थळ असते. सोनेरी पक्षी अज्ञात ठिकाणी नेतो. कोल्हा इनारीच्या देवळीपाशी नेतो. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा वारा म्हणजे उच्चार नसलेले ‘तिकडे’ होय. तो स्थळाचे नाव सांगत नाही, केवळ निर्देश करतो. शिवाय स्वाराने घोडा कोणत्याही दिशेस वळविला तरी वारा आपली दिशा सोडत नाही. ‘डावीकडे’ या शब्दाचे तसे नाही. बोलणारा वळला की डावेही त्याच्याबरोबर वळते.

दिशा सांगण्याच्या या दोन रीतींचा भेद भाषाविज्ञानाला परिचित आहे. स्टीफन लेव्हिन्सन यांच्या लेखनामुळे ऑस्ट्रेलियातील गुगू यिमिथिर भाषेचे उदाहरण सर्वतोमुखी झाले. त्या भाषेचे भाषक हाताशी असलेल्या वस्तूचे स्थानही उत्तर-दक्षिणेच्या मानाने सांगतात. मराठीत दोन्ही रीती नांदतात, आणि त्यांचे मिश्रण पाहावयास बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे गाव सोयीचे आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मधून पूर्णा, अशी तेथील भूरचना. त्यामुळे ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ हे शब्द जिल्ह्याच्या बोलण्यात जवळजवळ विशेषनामांसारखे रुळले आहेत. नांदुरा, मलकापूर, शेगाव घाटाखाली. बुलढाणा, चिखली घाटावर. बोलणारा कोठेही तोंड करून उभा असो, हा ‘वर’ बदलत नाही. ‘पूर्णेच्या पलीकडे’ म्हणताना नदी ही सीमा धरली जाते. नदी ओलांडल्यावर ‘पलीकडे’ची जागा बदलते, परंतु जागच्या जागी गिरकी घेतल्याने बदलत नाही. शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात त्या पूर्व-पश्चिमेच्या मानाने. डाव्या-उजव्या बांधाच्या हवाल्याने खत झाल्याचे कोणी ऐकले नसेल. महामार्गालगतची १०५ फुटी हनुमानमूर्ती हीदेखील अशीच, न बोलता दिशा सांगणारी खूण. वारा, कोल्हा व धुराचा लोट यांवरून वाट काढण्याची ही खेळातील रीत घाटाखालच्या भाषकास परकी वाटण्याचे कारण नाही.

परके आहे ते निराळे. या खेळाच्या भाषांत मराठी नाही. खेळाडूने जपानी संवाद निवडले तरी खालील ओळी तो बहुधा इंग्रजीतच वाचणार. (२०२० च्या मूळ आवृत्तीत पात्रांचे ओठ इंग्रजीनुसारच हलत, जपानी संवादांशी त्यांचा मेळ २०२१ मधील प्लेस्टेशन ५ च्या आवृत्तीत घातला गेला.) आता जपानीत दिशादर्शक शब्दांच्या तीन पायऱ्या आहेत : बोलणाऱ्याकडचे ‘कोचिरा’, ऐकणाऱ्याकडचे ‘सोचिरा’ आणि दोघांपासून दूरचे ‘आचिरा’. इंग्रजीत व मराठीत त्या दोनच. अर्थात इंग्रजीच्या मध्यस्थीने ‘सोचिरा’ आणि ‘आचिरा’ एकाच शब्दात मिसळतात. मराठी भाषांतरातही हीच अडचण राहील, तथापि मराठीस ‘तुझ्याकडे’, ‘पलीकडे’ असे काही उपाय योजता येतील. भाषांतर मूळ रचनेलाही सुधारू शकते, याचा दाखला खुद्द या खेळात आहे. नायक जागोजाग हायकू रचतो, वस्तुतः तेराव्या शतकात स्वतंत्र हायकू नव्हती. जपानी आवृत्तीत म्हणूनच तेथे ‘वाका’ हा जुना काव्यप्रकार योजला आहे.

मोबाईलवरील मार्गदर्शक आवाज सामान्यतः डावे-उजवे एवढेच सांगतो. त्या आवाजाबरोबर वाढणाऱ्या पिढीच्या तोंडी ‘उगवतीकडे’, ‘मावळतीकडे’, ‘धुऱ्याच्या अलीकडे’ हे प्रयोग कितपत उरतील, हा प्रश्न केवळ हळहळीचा नव्हे. तो मोजून पाहता येण्याजोगा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यास त्यासाठी फारशी साधनसामग्री लागणार नाही. दोन वऱ्हाडी भाषक मित्रांपैकी एकाच्या हाती नियंत्रक द्यावा. दुसऱ्याने शेजारी बसून वाट सांगावी. संभाषण ध्वनिमुद्रित करावे. प्रथम वारा चालू ठेवून व नंतर नकाशा उघडून, असे दोनदा करावे लागेल. वाऱ्याच्या वेळी सांगणाऱ्याच्या तोंडी नदी, टेकडी व ‘पलीकडे’ येतात की तेथेही ‘डावीकडे घे’ हेच येते, हे नोंदवावे. मात्र सांगणाऱ्यास प्रयोगाचा हेतू आधी कळू देऊ नये, आणि लढाईचे प्रसंग वगळावेत. तेथे ‘मार, मार’ यापलीकडे काही हाती लागणार नाही.