क्रीडागृहातील धाकटे प्रांगण

नगराच्या मध्यवस्तीत आच्छादित क्रीडागृह बांधावयाचे ठरले म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो प्रेक्षक किती बसतील हा. खेळाडू रोज कोठे खेळतील, हा प्रश्न बहुधा शेवटी येतो; कित्येकदा येतही नाही. शीत देशांत बर्फाच्या मुख्य रिंकेशेजारी दुसरी लहान रिंक योजण्याची चाल आहे; पहिलीवर सामने होतात, दुसरीवर मुले शिकतात. ज्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो तेथे बर्फ गोठविण्याचा विचार कोणी करणार नाही. तथापि दुहेरी प्रांगणामागील तत्त्व अमरावतीच्या राजापेठेसारख्या गजबजलेल्या भागालाही तंतोतंत लागू पडते.

केवळ समारंभासाठी उभारलेल्या वास्तूचे पुढे काय होते, याचे उदाहरण डेहराडूनला आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तेथे बर्फाची रिंक बांधण्यात आली. स्पर्धा संपल्या आणि ती दीर्घकाळ बंद पडून राहिली; २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. याच्या उलट कोल्हापूरचे खासबाग मैदान. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोपप्रवासात रोम येथील प्राचीन प्रेक्षागार पाहिले होते, आणि १९१२ मध्ये पुरे झालेले हे मैदान मध्यभागी हौद व सभोवार चढती बैठक अशा बशीच्या आकाराचे आहे. त्याच्या भव्यतेचे वर्णन सर्वच करतात. परंतु मैदानाला मल्ल पुरविले ते गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमींनी, हे विसरता कामा नये. तालीम म्हणजेच कोल्हापूरचे दुसरे, धाकटे प्रांगण होय; फक्त ते एका छपराखाली नसून गावभर विखुरलेले आहे.

अमरावतीला तर हा दाखला घरचाच आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. त्या यशाचे मूळ प्रेक्षागृहात नव्हते. ते आखाड्याच्या नित्याच्या मेहनतीत होते.

आता मापांकडे वळू. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटर असून भोवती दीड मीटर मोकळी जागा लागते. बास्केटबॉलचे मैदान २८ बाय १५ मीटर आहे. म्हणून ३२ बाय १९ मीटरांची एकच जमीन या दोन्ही खेळांना पुरते. तिच्यावर व्हॉलीबॉलचे एक किंवा बॅडमिंटनची चार मैदाने आखता येतात. उंची मात्र बॅडमिंटन ठरविते. चांगल्या सामन्यांसाठी ९ ते १२ मीटर उंची निर्वेध हवी, आणि खर्च वाढतो तो येथेच. कबड्डीला १३ बाय १० मीटर व कुस्तीच्या गादीला १२ बाय १२ मीटर जागा लागते. तेव्हा २० बाय १५ मीटरांच्या व सात मीटर उंचीच्या दुसऱ्या दालनात कबड्डी, कुस्ती, मल्लखांब यांची सोय आळीपाळीने होऊ शकते. त्यास प्रेक्षकांची बैठक नको, की मधले खांब टाळण्यासाठी अवजड लोखंडी कैच्याही नकोत.

हवेचा प्रश्न वऱ्हाडात विशेष बिकट आहे. कूलर लावले तर जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे बॅडमिंटनचे फूल वाऱ्याने भरकटते, शिवाय दमट हवेने लाकडी जमीन फुगते. म्हणून छताशी उष्ण हवा बाहेर पडण्याची वाट, दुहेरी छप्पर आणि पश्चिमेकडे खिडक्यांऐवजी सामानाच्या खोल्या, ही व्यवस्था अधिक शहाणपणाची ठरेल.

राजापेठेत बडनेरा रस्त्याची वर्दळ आणि रेल्वेवरील पूल लक्षात घेता दोन्ही दालनांना स्वतंत्र दारे अत्यावश्यक आहेत. सामन्याची गर्दी एकदम रस्त्यावर ओतली जाऊ नये, हे एक कारण. दुसरे त्याहून महत्त्वाचे आहे. मोठे दालन सभा-संमेलनांना भाड्याने दिले की मांडणी व आवराआवर यांत दिवस मोडतात, आणि सायकलवरून आलेली मुले बंद दारावरून परत जातात. धाकट्या दालनाचे दार, कपडे बदलण्याची खोली व विजेची जोडणी वेगळी असेल तर मोठ्यास कुलूप असतानाही तेथील सराव चालू राहील. वस्तीतून पायी येता येते हाच मध्यवर्ती जागेचा मुख्य लाभ. तो शाळा सुटल्यानंतरच्या दोन तासांतच पदरात पडतो.

पैसा अपुरा पडला की आराखड्यातून प्रथम कापले जाते ते हेच धाकटे दालन. वास्तविक बांधणीचा क्रम उलटा ठेवणे सोयीचे आहे. लहान दालन व दोहोंच्या मधला स्वच्छतागृहांचा भाग आधी बांधावा, मोठ्या दालनाची जागा राखून ठेवावी, आणि पायाची आखणी मात्र पहिल्याच वेळी पूर्ण करून घ्यावी.