आधी अर्ज, मग हातोडा

गेल्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे आमच्या सौ.ला चाकाची खुर्ची घ्यावी लागली. मलिंगारच्या आमच्या घराच्या दाराशी एकच पायरी, १५ सेंटिमीटरची. मी पडलो इंजिनिअर! शनिवारी ९० सेंटिमीटरची फळी आणून उतार तयार केला. खुर्ची अर्ध्यावरून मागे घसरली. मी मागे उभा होतो म्हणून निभावले. सौ. एवढेच म्हणाली, "बसणारीला आधी विचारायचं होतंस."

चूक साध्या गणिताची होती. इथल्या बांधकाम नियमांच्या 'पार्ट एम' मार्गदर्शिकेप्रमाणे २ मीटरपर्यंतचा उतार फार तर १:१२ असावा. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला किमान १८० सेंटिमीटर लांबी हवी. १:२० चा उतार अधिक सोयीचा, त्याला ३ मीटर लागतात. माझा उतार होता १:६!

दुसरी चूक महागात पडली. घाईने मिस्त्री बोलावून बाथरूम फोडून घेतले आणि मग अनुदानाची चौकशी केली. नियम असा, की मंजुरीपूर्वी सुरू केलेल्या कामाला अनुदान मिळत नाही. ते पैसे गेले.

म्हणून आता क्रम सांगतो. प्रथम ऑक्युपेशनल थेरपिस्टला घर दाखवावे. आमच्याकडे त्या बाईंनी सौ.ला घरभर फिरायला लावले आणि ती कुठे अडते ते टिपून घेतले. दाराची मोकळी रुंदी, खुर्ची वळवायला दीड मीटरची जागा, दिव्याच्या बटणांची उंची हे सारे त्यांनी पाहिले. मग कौन्सिलकडे अर्ज करावा. आमच्यासाठी वेस्टमीथ काउंटी कौन्सिल. अपंगांसाठीच्या गृह-अनुदानाची कमाल मर्यादा १ डिसेंबर २०२४ पासून ३०,००० वरून ४०,००० युरो झाली आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७५,००० युरोंच्या आत हवे. मात्र ते मोजताना मुलांसाठी काही रक्कम वजा होते.

उत्पन्न जास्त म्हणून निराश होऊ नये. जिन्यावरची लिफ्ट, उचलण्याचे यंत्र अशा अपंगांच्या साधनांवरचा व्हॅट रेव्हेन्यूकडून परत मागता येतो. त्याला उत्पन्नाची अट नाही, मुदत ४ वर्षांची आहे. पावत्या जपून ठेवाव्यात!

घर घेणाऱ्यांनी बांधकामाचे वर्ष जरूर पाहावे. १ जानेवारी २००१ नंतर सुरू झालेल्या नव्या घरांना अपंग पाहुण्याला आत येता यावे आणि खालच्या मजल्यावरचे संडास वापरता यावे, अशी तरतूद बंधनकारक झाली. आपले आईवडीलही कधीतरी गुडघे धरत येणारच आहेत.

आता आमचा उतार ३ मीटरचा आहे. लग्नानंतर सौ.ने माप ओलांडून घरात पाऊल टाकले होते. गेल्या गुढीपाडव्याला ती कोणाचाही हात न धरता बाहेर आली आणि गुढी नीट उभी आहे का ते स्वतः पाहून गेली.