मेघातील दप्तर आणि त्याच्या किल्ल्या

डोंबिवलीत ‘लायब्ररी’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे, दाखल-नोंदवही आणि देवघेवीच्या खिडकीपाशी उभे असलेले वाचक येतात. आज आम्ही एका निराळ्याच लायब्ररीविषयी बोलणार आहोत. तिच्यात पुस्तक एकही नाही. तिच्यात आहेत त्या संगणकाला द्यावयाच्या आज्ञा, कोणीतरी आधीच लिहून व तपासून ठेवलेल्या. या आज्ञांच्या बळावर दहा-बारा ओळी लिहून एखाद्या संस्थेच्या सगळ्या दप्तराची दारे उघडता येतात आणि बंदही करता येतात. विषय तांत्रिक खरा, पण परका नव्हे. पतपेढी, शाळा, गृहनिर्माण संस्था यांचे कागद आज हळूहळू तेथे जाऊ लागले आहेत. आणि दप्तर आपले असेल तर त्याची किल्ली कोणापाशी असावी, हा प्रश्नही आपलाच ठरतो.

प्रथम ‘क्लाऊड’ म्हणजे काय ते पाहू. नाव मेघाचे असले तरी वस्तू जमिनीवरची आहे. दुसऱ्याच्या मालकीचे संगणक दूरवरून, लागतील तेवढे भाड्याने वापरावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. अमेझॉन कंपनीने २००६ साली हा व्यवसाय आजच्या स्वरूपात सुरू केला. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे, २०१६ मध्ये अमेझॉनने मुंबईत आणि २०१७ मध्ये गूगलने मुंबईत आपापली केंद्रे उघडली. ठाण्यास गाडी बदलून ऐरोली-रबाळ्याकडे रोज नोकरीला जाणाऱ्या डोंबिवलीकरांना त्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांच्या इमारती नव्या नाहीत. मेघ आहे तो अशा इमारतींत, विजेवर आणि थंड हवेवर चालणारा.

आता या भाड्याच्या जागेतील व्यवस्था कशी असते? नावे कंपनीगणिक बदलतात, तत्त्व बहुतेक एकच असते. आम्ही उदाहरणादाखल गूगलची मांडणी घेतो. सर्वांत वर संस्था, तिच्याखाली विभागांचे कप्पे, कप्प्यांत प्रकल्प, आणि प्रत्येक प्रकल्पात त्याचे संगणक, कागद व याद्या. प्रकल्प म्हणजे एका कामाचे स्वतंत्र दप्तर. सभासदांची यादी एका प्रकल्पात, जमाखर्च दुसऱ्यात, असे वेगळे ठेवले म्हणजे एकाचा घोटाळा दुसऱ्यात शिरत नाही आणि कोणत्या कामाचे भाडे किती झाले तेही कळते. प्रत्येक प्रकल्पाला ६ ते ३० अक्षरांचे एक ओळखनाम द्यावे लागते. ते पुढे बदलता येत नाही, आणि प्रकल्प मोडला तरी तेच नाम पुन्हा वापरता येत नाही. तेव्हा नामकरण घाईने करू नये.

यापुढे येतो अधिकार. कोणी काय करावे हे प्रत्येक प्रकल्पाच्या अधिकारपत्रकात लिहिलेले असते. तीन अधिकार फार ढोबळ आहेत: मालक, संपादक आणि दर्शक. दर्शकाने पाहावे, संपादकाने बदलावे, मालकाने इतरांना अधिकारही द्यावेत. यांखेरीज शेकडो लहान अधिकार असतात. कोणाला केवळ एका कप्प्यातील कागद वाचता यावेत, कोणाला फक्त भाड्याची बिले पाहता यावीत, असे बारीक वाटप करता येते. आणखी एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. वरच्या पायरीवर दिलेला अधिकार आपोआप खाली झिरपतो. संपूर्ण संस्थेवर ज्याला संपादक केले, तो तिच्या प्रत्येक प्रकल्पाचा संपादक झाला. खालच्या पत्रकात त्याचे नाव न लिहिल्याने तो अधिकार जात नाही.

मग किती अधिकार द्यावा? सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात याचे तत्त्व सांगितले आहे: प्रत्येक माणसाने व प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्या कामाला पुरेल तेवढ्याच, कमीत कमी अधिकारांनिशी काम करावे. हे आपल्याला नवे वाटू नये. सोसायटीच्या रखवालदाराकडे पंपाच्या खोलीची किल्ली असते, तिजोरीची नसते. त्यात त्याच्यावर अविश्वास नाही. किल्ली हरवली तर नुकसान पंपाच्या खोलीपुरते राहावे, एवढाच हेतू असतो.

हे सारे पडद्यावर बटणे दाबूनही करता येते. प्रकल्प एक आणि माणसे तीन असतील तर तेच सोयीचे. परंतु पन्नास प्रकल्प आणि दोनशे माणसे झाली म्हणजे हाताने केलेल्या कामात चुका होतात, आणि कोणी काय दाबले याची आठवण कोणालाच राहत नाही. येथे लायब्ररी उपयोगी पडते. पायथनसारख्या संगणकीय भाषेत लिहिणाऱ्याने ती मागवून घ्यावयाची, आणि ‘प्रकल्प निर्माण कर’, ‘प्रकल्पांची यादी दे’, ‘अधिकारपत्रक आण’, ‘अधिकारपत्रक ठेव’, ‘मला येथे काय काय करता येते ते सांग’ अशा तिच्यातील आज्ञा आपल्या मजकुरात वापरावयाच्या. लाभ वेगाचा आहेच. त्याहून मोठा लाभ असा की, केलेली व्यवस्था लेखी उरते. ती दुसऱ्याला वाचून दाखविता येते, अमलात आणण्यापूर्वी तपासता येते आणि पुढल्या वर्षी पडताळता येते. मात्र वेग हा चुकीलाही मिळतो. हाताने एका प्रकल्पात झालेली चूक प्रोग्रॅम क्षणार्धात पन्नास प्रकल्पांत करून ठेवतो.

यातील सर्वांत नाजूक जागा ‘अधिकारपत्रक ठेव’ ही आज्ञा होय. नवशिक्यास वाटते की आपण एक नाव दिले म्हणजे ते यादीत वाढेल. तसे होत नाही. ही आज्ञा जुने पत्रक संपूर्ण काढून त्या जागी नवे ठेवते. नव्यात एकच नाव असेल, तर बाकीची सगळी नावे गेली! म्हणून रीत अशी आहे: आधी सध्याचे पत्रक आणावे, त्यात हवा तेवढाच फरक करावा आणि मग ते परत ठेवावे.

एवढ्यानेही काम पुरे होत नाही. समजा, कार्यवाहांनी सकाळी दहाला पत्रक आणले आणि त्यात नव्या लिपिकाचे नाव घातले. तेवढ्यात खजिनदारांनी तेच पत्रक आणून नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाचे नाव काढले व पत्रक परत ठेवले. मागाहून कार्यवाहांनी आपली प्रत ठेवली. त्या प्रतीत गेलेल्या लिपिकाचे नाव होतेच. तो पुन्हा आत आला, आणि कोणाला पत्ताही लागला नाही. हे टाळण्यासाठी प्रत्येक पत्रकावर ‘ई-टॅग’ नावाची एक खूण असते. पत्रक बदलले की खूण बदलते. जुन्या खुणेची प्रत परत ठेवू गेल्यास ती नाकारली जाते, आणि ताजे पत्रक आणून काम पुन्हा करावे लागते. पण प्रोग्रॅम लिहिणाराने ती खूण पाठविलीच नाही, तर नकारही मिळत नाही. आळस केला तर रक्षणही नाही, असा हा सौदा आहे.

प्रोग्रॅमलाही आत शिरण्यास ओळख लागते. त्यासाठी माणसाचे नसलेले, केवळ प्रोग्रॅमचे असे सेवा-खाते काढतात. हा बिनपगारी नोकर दिवसरात्र राबतो, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. म्हणून त्याला मालक करून ठेवण्याचा मोह फार वाईट. २०१९ साली अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेच्या क्लाऊडमध्ये शिरून सुमारे १० कोटी अमेरिकी ग्राहक व अर्जदारांची माहिती पळविली गेली. तेथील एका संरक्षक यंत्रणेला कामापेक्षा अधिक अधिकार दिलेले होते, आणि चोराने तेच वापरले. पुढल्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला.

दुसरे उदाहरण मे २०२४ मधले आहे. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीचे दप्तर गूगलच्या क्लाऊडमधून नाहीसे झाले. ते उभारताना कंपनीच्याच साधनातील एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे त्याला एका वर्षाची मुदत लागली आणि मुदत संपताच ते पुसले गेले. दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रतीही होत्या, म्हणून निधी सावरला. नेहमीचा प्रकल्प मोडण्याची आज्ञा दिली तर ३० दिवसांत ती मागे घेता येते. परंतु त्या मुदतीच्या भरवशावर कोणी झोपू नये.

शेवटी आपल्या घरचा विचार. आपल्याकडील लहान संस्थांचे हे काम बहुधा एखादा उत्साही तरुण करून देतो, आणि तेही स्वतःच्या खासगी जीमेल खात्यावरून. अशा प्रकल्पाच्या वर कोणतीही संस्था नसते. तो तरुणच त्याचा एकमेव मालक. पुढे तो पुण्याला किंवा परदेशी गेला, त्याचे खाते बंद पडले, की संस्थेचे दप्तर कुलूपबंद होते. यात त्याचा दोष नाही. कोणी विचारले नाही हा दोष. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. सभासदांची नावे-पत्ते सांभाळणे हा केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही.

म्हणून वार्षिक सभेत हिशेबाबरोबर चार प्रश्न विचारावेत. दप्तर संस्थेच्या नावावर आहे की व्यक्तीच्या? मालक निदान दोन आहेत काय? गेल्या वर्षी काम सोडलेल्यांची नावे पत्रकातून काढली काय? आणि प्रत दुसरीकडे ठेवली आहे काय? अधिकारपत्रक मागवून वाचून दाखविणे हे त्या लायब्ररीच्या साहाय्याने पाच मिनिटांचे काम आहे. चेकवर दोन सह्या हव्यात हे आपण पूर्वीच शिकलो आहोत. तीच शिस्त या नव्या दप्तराला लावावी, एवढी विनंती करून आम्ही हे विवेचन पुरे करतो.