वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

'कोल्हापूर पंचगंगेवर वसलें आहे' हें वाक्य ऐकून तें शहर पाण्यावर तरंगत असल्याची कल्पना कोणीही करीत नाहीं. 'पंचगंगेवर' म्हणजे पंचगंगेच्या कांठीं, हें आपणांस सहज समजतें. साहित्यशास्त्रकारांनीं गंगेवरील गौळवाड्याच्या प्रसिद्ध उदाहरणानें हाच शब्दव्यापार विशद केला आहे. शब्दाचा सरळ अर्थ तो वाच्यार्थ. तो प्रसंगाशीं जुळेनासा झाला म्हणजे त्याच्याशीं संबंध असलेला जो दुसरा अर्थ घ्यावा लागतो, तो लक्ष्यार्थ. हा संबंध असल्यावांचून लक्षणा संभवत नाहीं, ही मम्मटाची अट मात्र विसरतां कामा नये.

हा संबंध डोळ्यांनीं पाहावयाचा असेल, तर कोल्हापूरच्या तालमींसारखी पाठशाळा नाहीं. राजर्षि शाहू छत्रपतींनीं मल्लविद्येस उदार आश्रय दिला आणि १९१२ सालीं येथें खासबाग मैदान बांधविलें. हळद, ताक, तेल घालून मऊ केलेल्या तांबड्या मातींत मल्ल उतरतो व मांडीवर सणसणीत थाप मारतो. हें शड्डू ठोकणें. मग दोघे एकमेकांचें बळ अजमावितात, ही खडाखडी. पुढें हातापायांची अशी गुंफण होते कीं सुटका अवघड व्हावी, हा पेच. मूळ फारसींत 'पेच' म्हणजे पीळ. शेवटीं एकाची पाठ मातीला लागते, आणि त्याच्या डोळ्यांसमोर केवळ आकाश उरतें. त्याला अस्मान दाखविलें!

आतां हेच शब्द घरीं-दारीं पाहा. निवडणुकींत उमेदवार शड्डू ठोकतात, भाऊबंदांत खडाखडी होते, वकील प्रतिपक्षास अस्मान दाखवितो. थोरल्याचें शिक्षण कीं धाकटीचें लग्न, अशा पेचांत बाप पडतो. येथें 'अडचण' म्हणून भागत नाहीं. अडचण वाटेंत आडवी येते, पेच अंगाला वेढलेला असतो. मातीशीं असलेल्या नात्यामुळेंच त्या शब्दाला हें बळ आलें आहे.

तें नातें विसरलें, कीं काय होईल? 'गुरुजींनीं मला अस्मान दाखविलें,' असें एखादा विद्यार्थी कृतज्ञतेनें लिहील, आणि आपण गुरुजींची निंदा केली हें त्याच्या गांवींही नसेल. उलट केवळ वाच्यार्थ धरून बसणाराचीही फजितीच. 'तांदूळ वाढले' हें सासूबाईंचें बोलणें नव्या सुनेनें शब्दशः घेतलें, तर ऐन पंगतीच्या वेळीं डबा रिकामा सांपडावयाचा. कारण 'संपले' हा अशुभ शब्द टाळण्याची ती जुनी रीत आहे. अशा वेळीं बोल मात्र बिचाऱ्या सुनेला लागतो.

मोट, जातें, उखळ घरांतून गेलीं. त्यांवरून आलेल्या म्हणी मुलें आतां अर्थाच्या यादींतून पाठ करितात. ज्या घरांत आजी आणि नातू एका पंगतीस बसतात, तेथें तरी ही तूट भरून काढणें कठीण नाहीं. जेवतांना एखादी म्हण तोंडीं आली, तर वडील माणसांनीं त्यामागची वस्तु मुलांस वर्णन करून सांगावी; आणि कोल्हापुरास जाणें झालें, तर देवीच्या दर्शनानंतर घटकाभर एखाद्या तालमींतही डोकवावें. तेथें मुलांना पेच डोळ्यांनीं दिसेल, आणि दिसलेला शब्द सहसा चुकत नाहीं.