स्मशानभूमी व दफनभूमी, सार्वजनिक
मृतदेहांचे दहन, दफन अथवा अन्य मान्य रीतीने विसर्जन करण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांनी राखलेल्या जागा व त्यांच्याशी निगडित सेवा. जागा उपलब्ध करून देणे, चितेचे चौथरे व दाहिन्या बांधणे, सरपण पुरविणे, कबरींची व्यवस्था पाहणे, मृत्यूची नोंद करणे व बेवारस प्रेतांचे अंत्यसंस्कार करणे या कामांचा त्यांत समावेश होतो. अंत्यविधीचे धार्मिक स्वरूप कुटुंब व समाज ठरवितात [⟶ अंत्यविधी व अंत्यसंस्कार]. जागा, आरोग्यरक्षण आणि सर्वांना समान प्रवेश यांची जबाबदारी मात्र नागरी संस्थेची मानली जाते. ही विभागणी आधुनिक काळातील आहे.

इतिहास : यूरोपात मृतांना चर्चमध्ये किंवा त्याच्या आवारात पुरण्याची प्रथा होती. शहरांची लोकसंख्या वाढल्यावर ही आवारे अपुरी पडू लागली व ती रोगराईस कारण होतात, अशी धारणा बळावली. फ्रान्समध्ये १८०४ च्या हुकूमनाम्याने नगरांतील व चर्चमधील दफन बंद करण्यात येऊन नगराबाहेर दफनभूमी राखण्याचे काम स्थानिक शासनाकडे आले. पॅरिसची पेअर लाशेझ ही प्रसिद्ध दफनभूमी त्याच वर्षी खुली झाली. इंग्लंडमध्ये एडविन चॅडविक याने नगरांतील दफनपद्धतीवरील आपला अहवाल १८४३ मध्ये सादर केला. पुढे १८५२ पासूनच्या दफनविषयक कायद्यांनी सार्वजनिक निधीतून दफनभूमी चालविणारी स्थानिक मंडळे अस्तित्वात आली.

दहनाची पद्धत आधुनिक यूरोपात बऱ्याच उशिरा रूढ झाली. इटलीतील मिलान येथे १८७६ मध्ये दहनगृह सुरू झाले. इंग्लंडमध्ये सर हेन्री टॉम्प्सन याच्या पुढाकाराने १८७४ मध्ये दहनाचा पुरस्कार करणारी संस्था स्थापन झाली आणि वोकिंग येथील दहनगृहात १८८५ मध्ये पहिले दहन झाले. हल या शहराने १९०१ मध्ये नगरपालिकेचे दहनगृह उघडले. १९०२ च्या कायद्याने असा अधिकार सर्व दफन-प्राधिकरणांना मिळाला. आज ब्रिटनमधील बहुसंख्य मृतांचे दहन होते. यूरोपात दहनाचा विधी नवा होता. भारतात विधी प्राचीनच होता, नवे होते ते नगरपालिकेचे नियंत्रण.

मुंबई : शहराच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या सोनापूर परिसरात निरनिराळ्या समाजांच्या दहनभूमी व दफनभूमी होत्या. वस्ती वाढल्यावर ही स्थाने दूर हलविण्याचे प्रयत्न झाले. शिवडी येथील ख्रिस्ती दफनभूमी १८६५ च्या सुमारास आर्थर क्रॉफर्ड याच्या कारकीर्दीत अस्तित्वात आली. हिंदूंची दहनभूमी सोनापुरातच टिकून राहिली, याचे श्रेय जगन्नाथ शंकरशेट यांना दिले जाते. ‘सोनापूर’ हा शब्द मुंबईच्या मराठीत स्मशानाचा पर्याय बनला. आरोग्याच्या दृष्टीने केलेली सुधारणाही लोकांच्या श्रद्धेला डावलून अंमलात येत नाही, हा धडा या वादातून मिळतो.

कायदा : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत दफन व दहन हा विषय राज्यसूचीत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत दफनभूमी, दहनभूमी व विद्युत् दाहिन्या नगरपालिकांच्या विषयांत नमूद आहेत. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ अन्वये अशा स्थानांची नोंदणी आवश्यक असून नवे स्थान परवानगीवाचून उघडता येत नाही; आरोग्यास अपायकारक ठरलेले स्थान बंद करण्याचीही तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा आहे. जन्ममृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार मृत्यूची खबर सर्वसाधारणपणे २१ दिवसांत द्यावी लागते. दहन वा दफनापूर्वी मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला पाहिला जात असल्याने स्मशानातील नोंदवही सार्वजनिक आरोग्याच्या माहितीचे व गुन्ह्यांच्या तपासाचे साधन ठरते.

कार्यपद्धती : पारंपरिक चितेस सु. ३०० ते ४०० किग्रॅ. लाकूड लागते व दहन पूर्ण होण्यास कित्येक तास जातात. पावसाळ्यात ओल्या सरपणामुळे अडचण येते. म्हणून चौथऱ्यांवर छप्पर घालतात. विद्युत् दाहिनीत उष्णतारोधक विटांच्या भट्टीतील तारांची वेटोळी तापवून दहन साधतात; गॅसदाहिनीत ज्वालकांचा उपयोग करतात. भट्टीचे तापमान सु. ७०० ते १,००० अंश सें. असते, दहनास साधारणतः एक ते दोन तास लागतात व प्रौढ व्यक्तीच्या अस्थींचे अवशेष दोन ते तीन किग्रॅ. उरतात. विद्युत् भट्टी वारंवार थंड होऊ दिल्यास विटांना तडे जातात. त्यामुळे ती सतत तापती ठेवावी लागते व मृतदेहांची संख्या कमी असलेल्या गावात ती परवडत नाही. धुराच्या निवारणासाठी उंच धुराडे व वायू पाण्याने धुण्याची योजना करतात. गंगा कृती योजनेत (१९८६) विद्युत् दाहिन्यांचा अंतर्भाव होता. परंतु मंत्राग्नी, कपालक्रिया इ. विधींना दाहिनीत वाव नाही, या भावनेमुळे अनेक ठिकाणी लोक चितेकडेच वळत राहिले. दाहिनीपुढे विधीसाठी ओटा व आप्तांसाठी बैठक ठेवल्यास हा विरोध कमी होतो.

दफनासाठी पुरेशी खोल व निचऱ्याची जमीन लागते. भूजल उथळ असलेल्या किनारी शहरांत ती मिळणे कठीण असते. मुस्लिम, ख्रिस्ती व ज्यू यांच्याखेरीज लिंगायत, नाथपंथी, गोसावी इ. समाजांत दफनाची रीत असून हिंदूंमध्ये लहान मुलांचेही दफन करतात. जागेच्या टंचाईमुळे ठराविक वर्षांनंतर त्याच कबरीचा पुन्हा उपयोग करतात. भटक्या जमातींसारख्या समाजांची स्वतःची दफनभूमी नसल्यास त्यांना सार्वजनिक जागेवरच विसंबावे लागते. गिधाडांची संख्या घटल्याने पारशी समाजातील काहींनी दहनाचा स्वीकार केला व मुंबईत वरळी येथे २०१५ मध्ये त्यांच्यासाठी प्रार्थनागृह सुरू झाले.

सामाजिक बाजू : महाराष्ट्रातील गावगाड्यात चितेसाठी लाकडे वाहणे, मृत्यूची वार्ता परगावी पोहोचविणे इ. कामे महारांकडे वतनाची सेवा म्हणून होती. मोबदला मात्र अत्यल्प व मानहानिकारक असे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली. नागरी संस्थेच्या स्मशानात तेच काम वेतनी सेवेचे झाले, हा मोठा बदल होय. तथापि कंत्राटी नेमणुका, धूर व उष्णतेपासून अपुरे संरक्षण यांमुळे या कामगारांचे प्रश्न सुटलेले नाहीत.

जातवार स्वतंत्र स्मशानांची प्रथा अनेक गावांत टिकून आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून दहनभूमी वा दफनभूमीच्या वापरास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने अशा अडवणुकीचा स्पष्ट उल्लेख आला. कायद्याने प्रवेश खुला झाला, तरी वाट, जमिनीची मालकी व शेजारच्यांचा विरोध या कारणांनी तो प्रत्यक्षात नाकारला जाऊ शकतो. म्हणून स्मशानाची जागा व तिकडे जाणारा रस्ता यांची नोंद महसुली अभिलेखांत असणे महत्त्वाचे ठरते.

मृतदेहाला सन्मानाने वागविणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केले. करोनाच्या साथीत त्याची कसोटी लागली. मुंबईत मार्च २०२० मध्ये अशा मृतांचे दहनच करावे, असा आदेश निघाला व लगेच तो सौम्य करण्यात आला. वांद्रे येथील दफनास झालेला विरोध मे २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेक शहरांतील दाहिन्या अहोरात्र चालूनही अपुऱ्या पडल्या. नेहमीच्या मृत्युसंख्येपुरती आखलेली व्यवस्था आपत्तीत कोलमडते, हे त्यावरून दिसून आले.

बेवारस प्रेतांच्या बाबतीत पोलिसांचा पंचनामा व ओळख पटविण्याचा अवधी संपल्यावर अंत्यसंस्काराचा भार स्थानिक संस्थेवर येतो. शक्य तेथे मृताच्या धर्मानुसार विधी केला जातो. इतरांच्या बाबतीत आप्त, जात वा धर्मसंस्था साहाय्यास असतात. येथे नागरी संस्थेवाचून कोणीच नसते. सार्वजनिक अंत्यसेवेचा दर्जा ठरविताना हीच तिची खरी कसोटी होय.